नखाएवढं चित्र

समजा एखाद्या गावच्या वाचनालयाने जुने फोटो संकेतस्थळावर लावले. एका पानावर वीस. दूरच्या वाडीतली आजी नातवाच्या मोबाईलवर आपल्या वडिलांचा चेहरा शोधायला बसते. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. तिचा जीव टांगणीला, आणि डेटा संपतो तो वेगळाच.

हिशेब साधा आहे. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. फाईल ४ मेगाबाइटची धरली, तर वीस फोटोंचे ८० मेगाबाइट झाले. सेकंदाला २ मेगाबिट वेग असेल तर ते यायला पाच मिनिटांच्या वर लागतात.

पान करणारा म्हणतो, ‘अहो, मी फोटो छोटेच दाखवलेत.’ त्याने फक्त चौकट छोटी केलेली असते. ब्राउझर आधी अख्खी फाईल ओढून आणतो, मग आकसून दाखवतो. भाकरी एकच थापायची आणि ज्वारीचं पोतं दळून आणायचं, त्यातला प्रकार!

म्हणून प्रत्येक फोटोची वेगळी, लहान प्रत करायची. तिला थंबनेल म्हणतात, अंगठ्याच्या नखाएवढं चित्र. २०० गुणिले १५० म्हणजे तीस हजार ठिपके, मूळच्या चारशेवा हिस्सा. फाईल दहा-बारा किलोबाइटची होते, वीसही फोटो सेकंदभरात येतात. ज्याला मोठा फोटो हवा, तो त्यावर बोट ठेवील.

फोटोसाठी १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग पद्धत चांगली. रंगातल्या बारीक फरकापेक्षा उजेड-अंधार आपल्या डोळ्याला लवकर कळतो. जेपेग नेमका तो रंगाचा तपशील गाळते. गाळलेलं मात्र परत येत नाही. तेव्हा लहान प्रत नेहमी मूळ फोटोवरूनच काढावी, प्रतीची प्रत काढू नये. मूळ फाईल जपून ठेवावी.

आणि नुसतं लहान करून भागत नाही. चाळीस जणांचा गट नखाएवढा केला की माणसांचे तीळ होतात. आधी कातरावं, एक-दोन चेहरे ठेवावेत, मग लहान करावं, शेवटी किंचित धार द्यावी. काय ठेवायचं हे यंत्रावर सोपवू नये असं माझं मत. शेर लिहिणाऱ्याला ही कातरी ओळखीची आहे.

पानाच्या मजकुरात चित्राची रुंदी-उंचीही लिहावी, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा आधीच राखून ठेवतो. नाहीतर चित्रं येतील तसं पान खाली सरकतं, आणि आजीचं बोट वडिलांऐवजी भलत्याच कुणाच्या फोटोवर पडतं.