कागद कधी दाखवावा, कधी झाकावा

मृग लागला की हिंगणघाट, देवळी वा आर्वी येथील कृषी केंद्रांच्या गल्ल्यापाशी जी गर्दी उसळते, तिच्यात उभा असलेला शेतकरी वाण आणि भाव एवढेच विचारून, काही रक्कम रोख देऊन व उरलेली हंगामावर ठरवून, पेरणीच्या घाईत गावाकडे निघतो. आणि पुढे बियाणे उगवले नाही म्हणजे ज्या कागदावर फिर्याद उभी राहावयाची तो कागदच त्याच्यापाशी नसतो. सेवाग्राम-पवनारच्या या वर्धा जिल्ह्यात सत्याच्या महतीवरील व्याख्यानांना तोटा नाही. परंतु ग्राहक आयोगापुढे सत्य शाबीत करावयाचे तर पक्के बिल लागते, हे त्या व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येते.

व्यवहार रोखीचा असो वा उधारीचा, बिल देणे 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशान्वये विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि त्यावर वाण, लॉट क्रमांक, किंमत व तारीख नीट उतरली आहे की नाही हे दुकान सोडण्यापूर्वीच पाहावे. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे शिवणीतला टॅग शाबूत राहतो. हा टॅग निळा असला तर बियाणे प्रमाणित असते, आणि प्रमाणित सोयाबीनची उगवणशक्ती किमान 70 टक्के असावी लागते. बिल, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे हंगाम उरकेपर्यंत जपावे. बिनबिलाच्या, मान्यता नसलेल्या चोर बीटी कपाशीची पिशवी घेणाऱ्याला मात्र दाद मागणे फार कठीण, कारण तो व्यवहार झाल्याचा कागदच त्याच्यापाशी नसतो.

उगवण फसल्याचे ध्यानी येताच कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. पाऊस समितीसाठी थांबत नाही, हे खरे; म्हणून दुबार पेरणीपूर्वी निदान तारखेसह छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पंचनाम्याची नक्कल मिळेना तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करावा: महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे.

एवढे दप्तर जुळले की वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढण्यास वकिलाचीही सक्ती नाही. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. मुदत दोन वर्षांची. आणि 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा दाखल करता येतो, मग कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहकच होय असा निर्वाळा दिला, आणि प्रयोगशाळेसाठी त्याने बियाणे राखून ठेवावयास हवे होते ही महामंडळाची हरकतही फेटाळली. कारण पेरण्यासाठी आणलेले सारे बियाणे शेतकरी पेरणार, हे उघडच आहे. तरीही ती मूठ राखावी असेच मी म्हणेन. निकाल आपल्या बाजूने असला तरी पुरावा जवळ असलेला बरा.

खासगीपणाच्या बाबतीत कागद पुढे करण्याची हीच रीत नेमकी उलटी करावी लागते. कर्ज, विमा वा अनुदान यांसाठी आपण आधारच्या कोऱ्या झेरॉक्स वाटत सुटतो. त्याऐवजी केवळ शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे, प्रतीवर कारण व तारीख लिहून सही करावी, आणि बोटांचे ठसे आधारच्या संकेतस्थळावरून लॉक करून ठेवावेत. त्रयस्थाच्या लबाडीने खात्यातून परस्पर पैसे गेले तर 1930 वर फोन आणि बँकेस तीन कामकाजाच्या दिवसांत सूचना, हे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकामुळे नुकसान टाळणारे पाऊल ठरते. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, आपण दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केला खरा, पण त्याच कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीचे कलम इतके रुंदावले आहे की अधिकाऱ्याला नकाराचे आयते निमित्त मिळावे. अशा वेळी अपिलात कलम 8(2) मधील व्यापक जनहिताचा मुद्दा आवर्जून मांडावा.

भ्रष्टाचार उघड करणाऱ्याची गोष्ट सर्वांत बिकट, कारण त्याला कागद दाखवायचा आणि नाव झाकायचे असते. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार कळवून नाव गुप्त ठेवण्याची विनंती करणारे अभियंता सत्येंद्र दुबे 2003 साली गयेत मारले गेले. जमिनींचे घोटाळे बाहेर काढणारे सतीश शेट्टी 2010 च्या जानेवारीत तळेगाव दाभाडे येथे. 2014 साली संरक्षणाचा कायदा झाला, परंतु तो अंमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही. उरतो तो 2004 चा केंद्राचा ठराव: केंद्रीय सतर्कता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद लिफाफा पाठवावा, वर जनहितार्थ प्रकटीकरणाची तक्रार असल्याचे लिहावे, आपले नाव-पत्ता फक्त आतल्या पत्रात, मजकुरापासून अलग होईल असा द्यावा. निनावी पत्र या ठरावाखाली चालत नाही. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक, हमीभावाने कापूस घेणारे कापूस महामंडळ अशा केंद्राच्या अखत्यारीतील संस्थांपुरताच हा मार्ग आहे. तहसील वा पंचायत समितीत लाच मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. तिथे मात्र सापळ्यासाठी तक्रारदाराला स्वतः पुढे यावे लागते, आणि पुढे खटल्यात साक्षही त्यालाच द्यावी लागते.