कातळापासून भाकरीपर्यंत : उल्हास खोऱ्यातील एक दिवस

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे आज प्रामुख्याने मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांची वसतिस्थाने म्हणून ओळखली जातात. परंतु ती ज्या उल्हास नदीच्या खोऱ्यात वसली आहेत, तेथे दगड, पाणी आणि अन्न यांचे नाते इतके उघड दिसते की, मुलाबाळांसह एका दिवसाच्या सहलीत ते समजून घेता येते. ताटातल्या भाकरीचा माग काढत डोंगराच्या कातळापर्यंत पोहोचणे, हाच अशा सहलीचा खरा हेतू असावा.

या पाहणीची सुरुवात लोकलच्या खिडकीतूनही होऊ शकते. अंबरनाथ ओलांडल्यावर मलंगगड, तावली, चंदेरी, नाखिंद, पेब आणि माथेरान अशी एक डोंगररांग दिसत राहते आणि तिच्या उभ्या काळ्या कड्यांमध्ये उताराचे हिरवे पट्टे आलटून पालटून येताना दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस, म्हणजे वितळलेला खडक, पुन्हा पुन्हा बाहेर पडला, त्याचे थरावर थर साचले आणि त्यातून बेसाल्ट हा काळा खडक तयार झाला. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेल्या या खडकाला भूवैज्ञानिक ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लाव्हाच्या थराचा आतला भाग घट्ट असल्यामुळे त्याचा कडा उभा राहतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असल्याने लवकर झिजतो, त्याची माती होते आणि त्या मातीवर झाडी वाढते. पुढे याच बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्यातील क्षार साचून गारगोट्या आणि झिओलाइट नावाच्या खनिजांचे पांढरे स्फटिक तयार होतात. ओढ्याकाठच्या दगडांत पांढरे ठिपके दिसले, तर त्यांचे मूळ बहुधा हेच असते.

हाच कातळ माणसाच्या हाती आल्यावर काय घडले, हे अंबरनाथच्या शिवमंदिरात दिसते. वालधुनी नदीच्या काठावरील हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातील असून तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हा काळ नोंदलेला आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते आणि बाहेरच्या भिंतींवर देवदेवतांच्या व सुरसुंदरींच्या मूर्तींची दाटी आहे. छिन्नीला सहजासहजी दाद न देणाऱ्या दगडात इतके नाजूक काम झाले आहे, हे मुलांनी डोंगरातला दगड आधी पाहिला असेल, तरच त्यांना नीट उमगते.

बेसाल्ट मुळात पाणी धरून ठेवत नाही. त्याच्या भेगांत आणि मुरमात मुरेल तेवढेच पाणी जमिनीत साठते आणि उरलेले वाहून जाते. म्हणूनच भरपूर पाऊस पडूनही येथील बरेचसे ओढे उन्हाळ्यापूर्वीच आटतात आणि पाण्यासाठी बांध घालणे भाग पडते. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी वालधुनीच्या उगमाकडे काकोळे येथे बांधलेला तलाव आणि बदलापूरजवळचे बारवी धरण ही त्याची दोन उदाहरणे आहेत.

शेतकऱ्यानेही पाणी अडवण्याचे हेच तत्त्व आपल्या परीने वापरले आहे. सपाटीला बांध घालून केलेल्या खाचरांत तो भात लावतो आणि पाणी न थांबणाऱ्या डोंगरउतारांवर नाचणी व वरी पिकवतो. त्यामुळे या भागात तांदळाची आणि नाचणीची भाकरी हे रोजचे अन्न झाले. भाताची कापणी झाल्यावर बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या चिकण मातीत जी ओल उरते, तिच्यावरच वाल पेरला जातो. या वालाच्या कोवळ्या शेंगांची ‘पोपटी’ हा रायगड जिल्ह्यातील आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यातील हिवाळ्याचा मेवा आहे. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावून त्यात शेंगा, ओवा, खडे मीठ आणि आवडीप्रमाणे बटाटे, अंडी किंवा कोंबडी भरतात, तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. वरून पाण्याचा थेंबही न घालता, शेंगांच्या व पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते.

पावसाळ्यात जेवणाचा आधार शेताकडून रानाकडे सरकतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि कंटोळी या रानभाज्या ठाकूर व कातकरी स्त्रिया खुडून स्टेशनबाहेर विकायला आणतात. पहिल्या पावसात उगवणारी शेवळे नुसती शिजवली तर त्यांतील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते, म्हणून त्यांच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालतात, आणि ही फळेही नेमकी त्याच हंगामात मिळतात. कोणत्या वनस्पतीला कशाची जोड द्यावी, हे ज्ञान या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या जपले आहे. त्यांच्याकडून भाजी घेताना ती कशी करायची, हेही आदराने विचारून घ्यावे.

भौगोलिक मानांकन मिळालेले बदलापूरचे जांभूळ उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते. उल्हासनगरचा अन्नवारसा मात्र दूरच्या मातीतून आला आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रयाला आलेल्या सिंधी कुटुंबांच्या या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांची कांदा घातलेली, गव्हाच्या पिठाची जाड ‘कोकी’ दिवसभर टिकते आणि म्हणूनच सहलीच्या शिदोरीलाही ती सोयीची ठरते.

अशा सहलीला पोपटीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी आणि रानभाज्यांसाठी जून ते ऑगस्ट हे दिवस योग्य आहेत. मात्र पावसाळ्यात बदलापूरजवळच्या कोंडेश्वरसारख्या ठिकाणच्या डोहांत उतरू नये. निसरडा कातळ आणि अचानक वाढणारे पाणी यांनी अनेकांचा जीव घेतला आहे. रानातील कोणतीही पालेभाजी जाणकाराने ओळख पटवल्याशिवाय खाऊ नये.

दिवसाच्या शेवटी कुटुंबाने वालधुनीच्या काठी थोडा वेळ थांबावे. डोंगरातून निघालेली ही नदी हजार वर्षांच्या मंदिराला वळसा घालून शहरांत शिरते आणि तेथे कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने काळी पडते. कातळ, पाणी आणि भाकरी यांची साखळी मुलांना दाखवायची असेल, तर ती कोठे तुटते आहे तेही त्यांना दाखवायला हवे. कारण ती सांधण्याचे काम पुढे त्यांनाच करावे लागणार आहे.