स्क्रूज, म्हैस आणि चांगभलं

डिसेंबरातल्या रविवारी जोतिबाला जायचा माझा नेम आहे. रविवार हा देवाचा वार. पायऱ्यांवर गुलालाचा सडा, हवेत गारठा. वाटेत एका नारळाच्या दुकानापाशी माझी पावलं हटकून अडखळतात.

गोष्ट १९८४ सालची. मी बँकेत कर्जवसुली पाहत होतो. त्या दुकानदाराचे हप्ते थकले होते. घरात बायकोचं दुखणं. "साहेब, चैत्राच्या यात्रेपर्यंत थांबा. एका यात्रेत सगळं फिटतंय बघा," तो म्हणाला. मुदत वाढवण्याची शिफारस माझ्या हातात होती. मी ती केली नाही. मार्चअखेर डोळ्यांपुढे होती. आठ दिवसांत त्यानं दुभती म्हैस विकून पैसे भरले. वरून मला शाबासकी मिळाली.

त्याच वर्षी नाताळात आमच्या हेडकॅशियरांनी फराळाला बोलावलं. ते ख्रिस्ती, कोल्हापुरातल्या वाइल्डर मेमोरियल चर्चला जाणारे. निघताना त्यांनी डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' हाती ठेवलं. १८४३ च्या डिसेंबरात निघालेली ही छोटी कादंबरी म्हणजे कंजूष स्क्रूजची भुताखेतांची गंमत, एवढंच मला ठाऊक होतं. रात्री वाचायला घेतली आणि एका प्रसंगाशी थबकलो. स्क्रूजला भविष्यकाळ दिसतो. त्यात एक कर्जदार जोडपं सावकाराच्या मरणानं सुटकेचा श्वास टाकतं. पुढचा धनको इतका निर्दय नसेल, एवढीच त्यांची आशा. मला ती म्हैस आठवली.

डिकन्सचे वडील १८२४ साली कर्जापायी तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचं पोर बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागलं. वसुलीची दुसरी बाजू त्याला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

पुस्तक परत करताना मी विचारलं, "यात येशू फारसा कुठं दिसत नाही. मग हे नाताळचं पुस्तक कसं?" कॅशियर हसले. म्हणाले, "आमच्या मराठी बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना वाचा. तिथं पापाला शब्द आहे 'ऋण'. आपलं ऋण माफ व्हावं असं वाटत असेल, तर आधी दुसऱ्याचं सोडायचं. स्क्रूजला जाग येते तेव्हा मागचं सगळं फेडून घेतल्यावर नव्हे, त्याआधीच त्याला नवी सकाळ मिळालेली असते. त्या सकाळचं नाव नाताळ."

आयुष्यभर ऋण हा शब्द मी खतावणीतच पाहिला होता.

जानेवारीत डोंगरावर गेलो. माफीचे शब्द जुळेनात. नारळ घेतला. त्यानं सुटे पैसे मोजून परत दिले, माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाला, "चांगभलं, साहेब!"

म्हैस काही परत आली नाही. पण निवृत्त होईपर्यंत मुदतवाढीचा एकही अर्ज मी माणसाशी बोलल्याशिवाय बाजूला सारला नाही. कादंबरीच्या शेवटी क्रॅचिटचा पांगळा टिम सगळ्यांसाठी देवाचा आशीर्वाद मागतो. सगळ्यांसाठी, त्यात स्क्रूजही आला. डोंगरावर त्यालाच चांगभलं म्हणतात.