भिंग, मसूर आणि आम्ही

फोटोवेड्यांची मैत्री मोठी भांडखोर असते. आमच्या टोळीत निम्मे सांगलीचे, निम्मे साताऱ्याचे. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर भेटायचं, हा आमचा नेम. कास साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आलं. तिथली ‘सीतेची आसवं’ मात्र नखाएवढी. ती टिपायची तर मॅक्रो लेन्स लावून वाटेवरच ओणवं व्हायचं, एकही फूल न तुडवता.

तिथेच थट्टा सुरू होते.

“तुमची ७०-३०० म्हणजे शेवग्याची शेंग! लांबलचक, पण पोट काही भरत नाही.”

“आणि तुमची पन्नासची?”

“ती भाकरी. स्वस्त, साधी, कशाबरोबरही चालते.”

सांगलीकर भडंग काढतात, सातारकर कंदी पेढे. लगेच कुणीतरी ओरडतं, “भडंगाचा हात लेन्सला लावू नका!”

दुपारच्या जेवणाचा बेत मात्र ठरलेला. अख्खा मसूर. हा आमच्या इस्लामपूर-कराड भागाचा लाडका पदार्थ. आम्हाला हलालची खात्री असल्याशिवाय मटण चालत नाही आणि साताऱ्याचे एक दादा माळकरी. मसुरापाशी सगळ्यांची पंगत एक होते.

गंमत म्हणजे या भांडणाचं मूळही मसुरातच आहे. लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर भिंग मसुराच्या दाण्यासारखं दिसतं, म्हणून त्याला ते नाव पडलं. अरबीत मसुराला ‘अदस’ म्हणतात आणि उर्दूत भिंगाला ‘अदसा’. सूरह बकरहच्या ६१व्या आयतीत बनी इस्राईलने मागितलेल्या जिनसांत हीच ‘अदस’ आहे. हे सांगितल्यावर दादा म्हणाले होते, “म्हणजे आम्ही गळ्यात मसूरच अडकवून फिरतो!”

यंदा मात्र निघण्याआधी मनात धाकधूक होती. मोबाईलवर फिरणाऱ्या कसल्याशा मजकुरावरून पंधरा दिवस वातावरण गढूळ झालं होतं. आमची रोजची थट्टा बंद. कुणी कुणाला दुखावलं नव्हतं, पण पहिला शब्द कुणी काढायचा? आम्हीही काढला नाही, हे कबूल करायला हवं.

शेवटी दादांचाच निरोप आला, “मसूर आणणार ना? नाहीतर मॅक्रो लेन्स मिळणार नाही.”

त्या दिवशी फज्रच्या आधीच आमच्या घरात फोडणीचा वास दरवळला. सालन शिजवताना पाणी थोडं वाढवावं आणि शेजाऱ्याला त्यातलं द्यावं, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण. सातारा आमच्या शेजारी नाही, तरी रस्सा वाढवला.

पठारावरून उतरल्यावर झाडाखाली डबा उघडला. क्षणभर सगळे गप्प. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला, मसुरात बुडवला आणि पहिला घास घेतला. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मग पुन्हा शेवग्याची शेंग निघाली, पुन्हा भाकरी निघाली. त्या पंगतीचा फोटो काढायचा मात्र राहूनच गेला. सगळ्यांचे हात मसुराने भरलेले होते, लेन्सला लावणार कोण?