क्षय नव्हे, मातीतला जिवाणू
बऱ्हाणपूरच्या केळीबागेत चिखलात राबणाऱ्याचा ताप-खोकला महिनाभर हटला नाही, की पहिला संशय क्षयावर. पण तो मातीतल्या जिवाणूमुळे होणारा मेलिऑयडोसिसही असू शकतो, विशेषतः मधुमेह असेल तर. भोपाळच्या एम्सने मध्य प्रदेशात असे रुग्ण नोंदवले आहेत. जिवाणू जुना, १९११ मध्ये रंगूनला सापडलेला. आपल्याकडे ओळख उशिरा पटते आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली तो टोकांना गडद, सेफ्टी पिनसारखा दिसतो. तरीही ‘स्यूडोमोनास जिवाणू असेल’ म्हणून सोडून दिला जातो. खरं तर स्वस्त चाचणी आहे: वाढवलेल्या जिवाणूंवर औषधांच्या तीन चकत्या ठेवायच्या. जेंटामायसिन, कोलिस्टिनला तो सहसा जुमानत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटभोवती मात्र वाढ थांबते. मग पीसीआरने खात्री. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही.