वालीची राख नव्हे, गुरांचा वाडा

कर्नाटकातील बळ्ळारी-रायचूर परिसरात आणि लगतच्या तेलंगणात राखेचे टेकाडवजा ढीग दिसतात. हंपीजवळच्या निंबापूरचा ढीग ही वालीच्या चितेची राख, अशी तिथली समजूत आहे. या ढिगांत वितळून काचेसारखी झालेली सच्छिद्र ढेकळे सापडतात, म्हणून काहींना ते लोखंड गाळणाऱ्या भट्ट्यांची मळी वाटले. वास्तविक हे ढीग मुख्यतः जळालेल्या शेणाचे आहेत. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हे ओळखले होते, तर १९६० मध्ये झॉयनर यांनी प्रयोगशाळेतील तपासणीतून ते दाखवून दिले. गवतात सिलिका असते. शेणाचा मोठा साठा दीर्घकाळ तीव्र आचेवर राहिला, की ही सिलिका राखेतल्या क्षारांबरोबर वितळते. ढेकूळ मळीसारखे दिसण्यासाठी धातूची गरजच नसते.

पण शेण आहे एवढ्यावरून तिथे गुरे बांधली जात होती, हे कसे ठरणार? गावाने बाहेर टाकलेला तो उकिरडाही असू शकतो. या आक्षेपाला उत्तर मिळते ते उत्खननात. तत्कालीन महबूबनगर जिल्ह्यातील उत्नूर येथे पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये खोदकाम केले, तेव्हा कुंपणाच्या लाकडी खांबांचे खड्डे रांगेत आढळले आणि गुरांच्या खुरांचे ठसेही मिळाले. उकिरड्याला असे कुंपण कोणी घालत नाही. वाडा जळाला, पुन्हा उभारला गेला, पुन्हा जळाला, हा क्रमही थरांतून दिसतो. शेणखताचे मोल जाणणारा माणूस ते मुद्दाम का जाळील, हा प्रश्न रास्त आहे. ऑल्चिन यांनी या आगींचा संबंध ऋतुबदलाच्या विधींशी जोडला. तो तर्क आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो; पण वाड्याचा पुरावा त्या तर्कावर उभा नाही. तसेच, ही गुरे पाळणारे लोक केवळ भटके होते, हाही समज पुरता खरा नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी शोरापूर भागातील बुदिहाळ येथे केलेल्या उत्खननात राखेच्या ढिगालगतच वस्ती आणि जनावरे कापण्याची जागा उजेडात आली.

राहिला काळाचा प्रश्न. कार्बन-१४ पद्धत नेमके वर्ष सांगते, असे अनेकांना वाटते. तिच्यातून मिळतो तो कालावधी, आणि तोही नमुन्याचा. जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा तपासला, तर ते लाकूड कधी वाढले हे कळते. आग त्यानंतर कितीतरी वर्षांनी लागलेली असू शकते. म्हणून कुळथासारख्या एका हंगामात पिकणाऱ्या धान्याचा जळका दाणा अधिक भरवशाचा, अर्थात तो कोणत्या थरातला हे पक्के ठाऊक असेल तरच. अशा मोजणीतून हे ढीग मागे ठेवणाऱ्या नवाश्मयुगीन संस्कृतीचा काळ साधारणपणे इ.स.पू. ३००० ते १२०० असा ठरतो. त्यात प्रत्येक ढिगाचे आयुष्य वेगळे.

ही राख खत म्हणून उकरून शेतात नेली जाते. हजारो वर्षांपूर्वीचे शेण अखेर पिकाच्या कामी येते, पण गाडीबरोबर थरही जातो. मग खुराचा ठसा राहत नाही, आणि दाणा सापडला तरी तो कोणत्या आगीतला, हे सांगता येत नाही.