बुबुळातला अनोळखी जंतू

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणाच्या लाभक्षेत्रात उसाचे धारदार पान डोळ्याला चाटून जाणे हे कुणाला नवल वाटत नाही. डोळा लाल होतो, दुकानातून थेंब आणले जातात, आणि बुबुळावर व्रण पडल्यावरच शेतकरी मोठ्या गावाची वाट धरतो. तोवर जंतूचा माग औषधाने बहुधा पुसून टाकलेला असतो.

नोकार्डियाचेच पाहा. मातीत राहणारा हा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेल्या धाग्यासारखा दिसतो. म्हणून पुष्कळ काळ तो बुरशीत गणला गेला. परंतु बुरशीवरील औषधांना तो दाद देत नाही, अमिकासिनला देतो. त्यातून स्टिरॉइडचे थेंब पडले, तर व्रण चिघळण्याचेच भय अधिक. नावाची चूक येथे थेट दृष्टीवर बेतते.

१८९६ साली पॅरिसमध्ये व्हिक्टर मोराक्स यांनी डोळे आलेल्या रुग्णांत एक नवा जीवाणू ओळखला, तो रूप न्याहाळून व प्रयोगशाळेत वाढवून. आज त्यासोबत १६ एस आरआरएनए या जनुकाची सुमारे १५०० अक्षरे ताडून पाहतात. त्याने भागले नाही, तर संपूर्ण जनुकसंच. नवी जात ठरल्यास तिचे जिवंत वाण दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहांत ठेवावे लागते. असा एक संग्रह आपल्या पुण्यातच आहे, हे किती जणांस ठाऊक असेल! मात्र तेथे पोहोचणारा जीव औषधाच्या पहिल्या थेंबाआधी बुबुळावरून खरवडून घेतलेला हवा. ते साधे पाते आणि ते चालवणारा हात तालुक्याच्या रुग्णालयातच असला पाहिजे.